बरिटो खावा, पण किती?

२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईची उपनगरे आपल्याला एका पासाच्या अंतरावर आली. मसोलीतली कॉलेजची आणि नोकरीची मुले पहाटे निघतात, रात्री परततात आणि मधले खाणे बोरिवली-कांदिवलीत उरकतात. पूर्वी ते खाणे म्हणजे वडापाव, फार तर फ्रँकी. हल्ली त्यात मेक्सिकन हॉटेलांची भर पडली आहे. ‘बरिटो खाल्लेला चांगला की वाईट?’ असे विचारणाऱ्या आयांच्या आवाजात काळजी असते, कारण घरी झाकून ठेवलेले ताट सकाळी तसेच दिसते.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैद्याची मोठी मऊ पोळी घ्यायची, तिला टॉर्टिया म्हणतात. तिच्यात भात, शिजवलेला राजमा, चिकन किंवा पनीर, टोमॅटो-कांदा-मिरचीची कच्ची चटणी, किसलेले चीज आणि आंबवलेली साय भरायची व सगळे आत कोंबून गुंडाळी करायची. स्पॅनिश भाषेत बरिटो म्हणजे छोटे गाढव. या नावामागे निरनिराळ्या कथा सांगतात. आतला भार पाहिला की मला तरी ते नाव शोभते.

परदेशी म्हणून वाईट, हा युक्तिवाद मला मान्य नाही. मिरची, टोमॅटो, राजमा, मका, पेरू, पपई हे सारे अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. फार कशाला, ज्या चिकूच्या वाड्यांवर डहाणू-घोलवडची अर्धी ओळख उभी आहे आणि ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो चिकूही मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा. उलट बरिटोतला तांदूळ आशियातला आणि गहू स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेला. तेव्हा कोण कोणाचे खातो आहे, यावर भांडण्यात अर्थ नाही.

धान्य आणि कडधान्य एकत्र खाणे ही तर फार शहाणपणाची रीत. तांदूळ-गव्हात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो राजमा-वालात भरपूर असतो. कडधान्यात जो घटक कमी पडतो तो धान्यातून मिळतो. आपल्या वारली पाड्यांवर तांदळाची किंवा नागलीची भाकर आणि उडदाची डाळ खातात, तिचे गणित हेच आहे. मेक्सिकोतल्या जुन्या लोकांनी तर मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याची भाकरी केली. त्यामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते आणि कॅल्शियमही मिळते. जगात जिथे जिथे मका गेला पण ही चुन्याची युक्ती गेली नाही, तिथे गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने छळले.

मग बिघडते कुठे? गेल्या महिन्यात बोरिवलीच्या एका हॉटेलात मी बरिटो मागवला आणि सुरीने उभा कापून पाहिला. भात आणि चीज भरपूर होते. राजमा चमचा-दोन चमचे असावा, कच्च्या भाजीचे नाव फक्त मेनूकार्डावर. चव मात्र झकास होती, हे कबूल करायला हवे. वेटरने न विचारता सोबत थंड पेयाचा मोठा ग्लास सुचवला, ‘कॉम्बोमध्ये स्वस्त पडतो’ म्हणाला. म्हणजे ज्या राजम्यासाठी हा पदार्थ खावा तोच कमी, आणि ज्याने वजन वाढावे ते सगळे जास्त.

अमेरिकेतल्या मोठ्या साखळी हॉटेलांनी स्वतः छापलेले आकडे पाहिले, तर एक भरगच्च बरिटो हजार कॅलरींच्या घरात जातो. त्यातली मैद्याची पोळी एकटीच तीनशेच्या आसपास. दिवसभर बसून काम करणाऱ्या मुलीच्या रोजच्या गरजेचा हा निम्मा वाटा झाला. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पोळी, चीज, सॉस आणि मुरवलेल्या मिरच्या यांतून तेवढे मीठ एका बैठकीत पोटात जाऊ शकते.

खुद्द मेक्सिकोने याची किंमत मोजली आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा इतका वाढला की २०१६ साली तिथल्या सरकारने साथीच्या रोगासारखी आणीबाणी जाहीर केली. त्याआधी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला होता आणि २०२० पासून जादा साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळी अष्टकोनी खूण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. मेक्सिकोकडून बरिटो घेतला, ती काळी खूणही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर कॅलरी लिहाव्यात, असा नियम १ जुलै २०२२ पासून आपल्याकडे लागू झाला. एकट्या दुकट्या हॉटेलाला तो लागू नाही, आणि प्रत्येकाने प्रयोगशाळेत जावे असा आग्रह मीही धरणार नाही. पण उडप्याकडे हाफ प्लेट मिळते, मग इथे अर्धा बरिटो अर्ध्या पैशात का मिळू नये? गिऱ्हाइकाने मागायला सुरुवात केली की मिळेल. तोवर दोघांत एक घ्यावा, भात निम्मा आणि राजमा दुप्पट सांगावा, आंबट साय नको म्हणावे आणि पेय म्हणून पाणी प्यावे. मधुमेह्याने मैद्याची पोळी सोडून आतले सारण थाळीत मागावे. बहुतेक ठिकाणी तसे देतात.

घरी करून पाहणाऱ्या भगिनींना एक सूचना. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये पुरता मऊ शिजवावा. कच्चट राजम्यात असा एक घटक असतो की मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. मैद्याऐवजी आपली तांदळाची भाकर आणि राजम्याऐवजी मोडाचे वाल घेतले तरी मुले खातात. वर टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर घातली की झाले.

राहिला पार्सलचा प्रश्न. उरलेला अर्धा बरिटो पिशवीत घालून डहाणू लोकल पकडली, तर घरी यायला दीड-पावणेदोन तास लागतात, आणि गाडी चुकली तर त्याहून जास्त. शिजलेला भात, चिकन आणि साय असे कोमट राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांची मर्यादा समजावी, एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच तासाची. वास आला नाही म्हणून चांगले असेल, असे धरू नये. शिळ्या भातातल्या एका जंतूचे विष वास देत नाही आणि पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.