गोळी सोडू नका, दोष घेऊ नका

‘थायरॉइड आहे ना? मग जीवनशैली बदला.’ पुण्यात आज हे वाक्य बाईला कुठेही ऐकायला मिळतं. दवाखान्यात, भिशीत, हळदीकुंकवात, कचेरीतल्या डबा खायच्या वेळी. वरवर पाहता त्यात वावगं काय? चांगलं खा, चाला, झोपा, ताण घेऊ नका. पण हे वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि त्यामागे काय दडवलं जातं, हे आपण विचारलं पाहिजे.

आधी आजार समजून घेऊ. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग ठरवणारं संप्रेरक तयार करते. काही जणींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराची नोंद केली, तेव्हा त्यांच्या चारही रुग्ण बायकाच होत्या. २०१३ साली भारतातल्या आठ ठिकाणची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवा त्यात होते, पुणे नव्हतं. तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के जणांमध्ये हे संप्रेरक कमी पडत असल्याचं दिसलं, आणि बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या तिप्पट होतं.

आता लक्षणं पाहा. थकवा, उदासी, वजन वाढणं, केस गळणं, थंडी न सोसणं, पाळीत अंगावरून जास्त जाणं. या प्रत्येक लक्षणाला घरात आधीच नाव ठेवलेलं असतं: आळशी, रडकी, बेढब, नाटकी. तपासणी व्हायच्या आधी निकाल लागलेला असतो. आणि तपासणी झाली की तोच निकाल नव्या भाषेत येतो: ‘तुमचं खाणं-पिणंच चुकतंय.’

या अपराधी भावनेवर बाजार उभा आहे. पोळी बंद करा, कोबी-फ्लॉवर सोडा, अमुक चूर्ण घ्या, तीन महिन्यांत गोळी सुटेल! १९५४ सालच्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने ज्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला बंदी आहे, त्या यादीत गलगंड आहे, लठ्ठपणाही आहे. तरी जाहिराती थांबल्या नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात पतंजली आयुर्वेदला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. पण त्या जाहिराती वाचून जिने गोळी बंद केली, तिची माफी कोण मागणार?

मग आहाराचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो नेमका सांगायला हवा. निकामी झालेली ग्रंथी कुठल्याही पथ्याने पुन्हा उभी राहत नाही. कमी पडणारं संप्रेरक गोळीनेच भरून काढावं लागतं. लेव्होथायरॉक्सिनची ही गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. गव्हाची वेगळी व्याधी नसेल तर पोळी सोडायचं कारण नाही. सैंधव उपवासाचं आणि आरोग्याचं म्हणून विकलं जातं, पण त्यात पुरेसं आयोडीन नसतं, तेव्हा रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवं. उलट आयोडीनच्या जादा गोळ्यांनी हा आजार बळावू शकतो. आणि दिवस राहिले तर गोळी सोडणं सर्वांत धोक्याचं. तेव्हा तर मात्रा बहुधा वाढवावी लागते, नाहीतर गर्भपाताचा धोका वाढतो.

चालणं, झोप, पोटभर सकस जेवण यांनी बाईला बरं वाटतंच. पण ते कुणाच्या हातात आहे? पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा उठणारी, सगळ्यांचे डबे भरून उरलंसुरलं खाणारी, पहिला चहा दुसऱ्याच्या घरी भांडी घासताना घेणारी बाई ‘जीवनशैली’ निवडते कधी? सकाळचा तो निवांत एक तास तिला कोण देणार? (तो मिळत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते, डॉक्टरांना विचारून. हेही तिला सहसा कुणी सांगत नाही.)

या शहराला याचं उत्तर माहीत आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगारवाढ मागितली, पगारी रजा मागितली. कुणी त्यांना आहारतक्ता दिला नव्हता. एकत्र येऊन त्यांनी स्वतःच्या दिवसाचे तास परत मागितले. जीवनशैली बदलते ती अशी!

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात टीएसएचची तपासणी आणि ही गोळी नियमित व मोफत मिळाली पाहिजे. सतत थकणाऱ्या, उदास असणाऱ्या बाईला ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवण्याआधी आणि अंगावरून फार जातं म्हणून पिशवी काढायचा सल्ला देण्याआधी ही तपासणी झाली पाहिजे. तपासणीचा कागद बाईच्या हातात आणि तिच्या भाषेत समजावून दिला गेला पाहिजे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. किती जणींना ही गोळी सुरू आहे, किती जणींनी मध्येच सोडली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारा. लिहून ठेवा. वॉर्ड ऑफिसात निवेदन द्यायला जाल तेव्हा ही नोंद हातात असू द्या.