बोंडू कुजतोय आणि आपण ‘लोकल’ बिअर पितोय

कोकम घातलं म्हणून बिअर कोकणी होत नाही. हल्ली क्राफ्ट बिअरच्या मेन्यूवर ‘लोकल’ हा शब्द चाट मसाल्यासारखा भुरभुरलेला असतो. एकदा विचारून बघा, यातलं इथलं काय? बार्ली राजस्थान-हरियाणाची, नाहीतर माल्टच युरोपातून आलेलं. हॉप्स बहुतेक जर्मनी-अमेरिकेचे. यीस्ट पाकिटातलं. राहिलं पाणी. बिअरमध्ये ते नव्वद टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे तेवढी ती लोकल.

बिअरशी माझं भांडण नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, मग एकेक करत बऱ्याच आल्या. आज शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून सुटलेले आम्ही आयपीए आणि व्हीट बिअरमधला फरक तावातावाने सांगू शकतो. चांगलंय. भांडण आहे ते त्या एका शब्दाशी, कारण मी कुडाळचा आहे.

मार्च ते मे आमच्याकडच्या काजूच्या बागेत शिरलात तर आधी वास येतो. गोड, आंबूस, थोडा डोक्यात जाणारा. खाली लाल-पिवळ्या बोंडवांचा सडा. नियम एकच: बी घेवची, बोंडू टाकूचो. बोंडू वजनाने बीच्या आठ-दहा पट भरतो, त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं. पण तो घशाला तुरट लागतो आणि एका दिवसात नासायला लागतो, त्यामुळे बाजारापर्यंत पोचतच नाही. थोडा गुरांना, बाकीचा मातीत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा उत्तम जाती दिल्या, वेंगुर्ला काजूला जीआयही मिळालं. कौतुक सगळं बीचं. वजनाने पाहिलं तर पिकाचा बहुतेक भाग आपण फेकून देतो, आणि त्याला शेती म्हणतो.

कुडाळहून बांद्यावरून पत्रादेवीला पोचायला तासभर लागतो. नाक्याच्या पलीकडे याच बोंडवाचा रस काढून, आंबवून, एकदा गाळला की उर्राक. पुन्हा गाळला की फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला ‘देशी दारू’च्या रकान्यातून काढून वारशाचा दर्जा दिला. नाक्याच्या अलीकडे शेतकऱ्याने बागेत हेच केलं तर ती हातभट्टी. १९४९ चा दारूबंदी कायदा, भांडी जप्त, केस. झाड तेच, लाल मातीही तीच.

महाराष्ट्राने काहीच केलं नाही असं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की काजूबोंडं, मोहाची फुलं यांपासून बनणारं मद्य ‘विदेशी मद्य’ या वर्गात धरायचं. हेतू बरा होता, कारण देशी दारूच्या गुत्त्यात अडकलेल्या मालाला भाव कुठून येणार? पण गंमत बघा. गोव्याने ज्याला वारसा म्हटलं, त्याला आपल्याकडे प्रतिष्ठा हवी तर आधी परदेशी व्हावं लागतं! नाशिकच्या द्राक्षांसाठी २००१ मध्येच वेगळं धोरण आलं होतं. बोंडवासाठी २१ वर्षांनी नुसतं वर्गीकरण बदललं. त्या वर्गात शिरायचं तर परवाना, कारखाना, भांडवल हवं. पाच एकरवाल्याने ते आणायचं कुठून?

इथे कोणी म्हणेल, दारूचं समर्थन कसलं करतोस? प्रश्न खरा आहे. ‘बाटली आडवी’ करणाऱ्या बायकांनी जे भोगलंय ते मी एसीत बसून खोडू शकत नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, त्यात मिथेनॉल होतं. पण म्हणूनच तर चोरून गाळण्यापेक्षा तपासून गाळलेली बरी. शिवाय हा नैतिक प्रश्न मॉलमधल्या चारशेच्या ग्लासापुढे कोणी का विचारत नाही? तिथे ती ‘संस्कृती’ होते. गावात व्यसन.

म्हणून मागणी साधी आहे. काजू बागायतदारांच्या गटांना हंगामापुरता, मार्च ते मे, छोट्या भट्टीचा परवाना द्या. फी परवडेल अशी ठेवा, प्रत्येक घाणीची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करा, कुठल्या बागेचा बोंडू ते बाटलीवर छापा. आणि भट्टी गावात हवी की नको हे आधी गावातल्या बायकांना विचारा.