आधी पूर्ण वाचा, मग भांडा

देशाची ताकद उतरणीला लागली आहे, असे एखाद्या स्तंभलेखकाने पेपरात लिहिले की दुपारपर्यंत आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या मोबाइलांवर त्याचा उद्धार सुरू होतो. एका पक्षाचे लोक त्याला देशद्रोही ठरवतात, दुसऱ्या पक्षाचे तोच लेख डोक्यावर घेऊन नाचतात. आमगावच्या पानठेल्यावर तेच, अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवरही तेच. माझी कळकळीची विनंती आहे, मेसेज पुढे पाठवण्याआधी तो लेख शेवटपर्यंत वाचा. शिव्या देणाऱ्या बहुतेकांनी नुसता मथळा पाहिलेला असतो.

हे भांडण मराठीत फार जुने आहे. १८४८ साली पंचवीस वर्षांच्या गोपाळ हरी देशमुखांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला घेतली. आपले राज्य गेले कशाने, हा त्यांचा प्रश्न. विद्या नाही, उद्योग नाही, अंगात आळस आणि डोक्यात जातीचा ताठा, असे त्यांनी आपल्याच लोकांना सुनावले. इंग्रजांचे राज्य ही ईश्वरी योजना आहे, असेही लिहिले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. परक्या राज्याला देवाची इच्छा म्हणणे चूकच होते, आणि खचलेल्या समाजाला ताठ उभे करणारा कोणीतरी हवाच होता. तेवढ्यापुरते चिपळूणकर बरोबर होते. पण देशी माल वापरा, इथल्या लोकांसाठी पार्लमेंट मागा, हेही त्याच लोकहितवादींनी लिहिले होते. उपहासाच्या माऱ्यात ते झाकले गेले. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तर चिपळूणकरांच्या याच लेखणीने व्याकरणाच्या चुका काढल्या आणि शूद्रांच्या शिक्षणाचा त्यांचा सवाल बाजूलाच पडला. हे नुकसान कोणाचे झाले, ते आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मला चिपळूणकरांचे खरे उत्तर दुसरीकडे दिसते. सरकारी नोकरी सोडून १८८० च्या जानेवारीत त्यांनी टिळकांच्या साथीने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढच्या वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू केले. विद्या नाही म्हणणाऱ्याला शाळा काढून दाखवली. वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी हा माणूस गेला, पण ती शाळा आजही चालू आहे.

आपण शाळा काढू शकत नसलो तरी पडताळा नक्की घेऊ शकतो. आपला जिल्हा धानाचा आणि राईस मिलांचा. जगात भारताला कोणी विचारत नाही, असे कोणी लिहिले तर मिलवाल्याला विचारा. जुलै २०२३ मध्ये केंद्राने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा जगभर तांदूळ महागला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. तांदूळ निर्यातीत आपला देश जगात पहिला आहे, आणि हे वजन खरे आहे. उलट सगळे उत्तम चालले आहे असे कोणी लिहिले, तर धानाचा काटा झाल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. धान कापून झाले की कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या पोरांना विचारा. दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या आहेत. त्यातली एकच सांगणारा लेखक अर्धवट सांगतो आहे, मग तो आपल्या पक्षाचा का असेना.

लेख चुकीचा वाटला तर संपादकाला पत्र लिहा. आपले नाव, आपले गाव घाला, कोणते वाक्य चूक आणि का, तेवढे लिहा. तसे पत्र चार ओळींचे असले तरी चालेल. आणि गावातल्या ग्रुपवर कोणी लेखकाचे आडनाव पाहून त्याची जात काढायला लागला, तर तो आपला जवळचा भाऊबंद असला तरी त्याला तिथल्या तिथे थांबवा.