धागा तुटला की थांबायचे!

जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचे बळ समजून घ्यायचे, तर आधी मोटार बाजूला ठेवून मागाकडे वळावे लागते. साकिची टोयोडा हे जपानमधल्या एका सुताराचे चिरंजीव. त्यांनी उभे आयुष्य माग सुधारण्यात घालवले. १९२४ सालच्या त्यांच्या स्वयंचलित मागाचा एक विशेष होता. धागा तुटला, की माग आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलेच जात नसे.

साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ मध्ये याच मागाच्या कारखान्यात मोटारींचा विभाग सुरू केला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. २०२३ साली या समूहाने सुमारे १ कोटी १२ लाख वाहने विकली. ही मजल केवळ भांडवलाच्या जोरावर मारलेली नाही.

युद्धानंतरच्या जपानमध्ये पैसा नव्हता, माल साठवायला जागा नव्हती. ताईची ओनो या अभियंत्याने या अडचणीतूनच पद्धत घडवली. ती गृहिणींना सहज कळेल. वर्षाचे धान्य कोठीत भरून ठेवणे वेगळे आणि रोजची भाजी रोज, लागेल तेवढीच आणणे वेगळे. ओनो यांनी दुसरा मार्ग धरला. पुढच्या कामगाराला जेवढे सुटे भाग हवेत, तेवढेच मागच्याने द्यायचे. मागणीची चिठ्ठी म्हणजे 'कानबान'. आणि दोष दिसला, तर साध्या कामगारानेही दोरी ओढून मदत मागायची. दोष तिथल्या तिथे सुटला नाही, तर सारी साखळी थांबवायची. मागाचा धडा माणसांच्या हाती आला तो असा.

अर्थात कंपनीला हा धडा नेहमीच आठवला असे नाही. २००९-१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या तक्रारींमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनी फार वेगाने वाढली असावी, असे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगावे लागले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये समूहातल्या दाइहात्सू कंपनीचे सुरक्षा चाचण्यांतले गैरप्रकार बाहेर आले. वेळापत्रकाच्या दडपणाखाली दोरी ओढायला कोणी धजावले नाही, हाच त्याचा अर्थ. उलट २०११ च्या भूकंपाने पुरवठा तुटला, तेव्हा कंपनीने आपलीच पद्धत तपासली आणि चिपसारख्या नाजूक वस्तूंचा साठा ठेवायला सांगितले. पुढे चिपच्या टंचाईची झळ तिला स्पर्धकांपेक्षा उशिरा लागली.

आता खरी परीक्षा विजेच्या मोटारींची आहे. १९९७ मध्ये 'प्रियस' आणून टोयोटाने पेट्रोल आणि वीज यांचा संसार मांडला आणि हायब्रिडमध्ये आघाडी घेतली. पण निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांत ती सावधपणे, काहींच्या मते फारच सावकाश उतरली. चीनमध्ये बीवायडीसारख्या कंपन्या तोवर पुढे निघून गेल्या. यशाची सवय हाही एक तुटलेला धागाच असतो. तो दिसायला मात्र फार वेळ लागतो.

वाढीची संधी आहे ती भारतासारख्या देशांत. इथे टोयोटाने १९९७ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी केली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना काढला. त्याआधी १९९५ मध्ये दोघे एकत्र आले होते, तेही वस्त्रोद्योगाच्या यंत्रांसाठीच! छोट्या गाड्यांसाठी तिने सुझुकीशी हात मिळवले. सुझुकीचाही मूळ धंदा मागांचाच. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरात सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार झाला.

मराठवाड्यातल्या तरुणांना त्यातून रोजगार मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण आपण एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत चूक दाखवणारा माणूस 'काम अडवणारा' ठरतो. वरिष्ठांपुढे 'सगळे ठीक आहे' म्हणणारा शहाणा ठरतो. शाळेत शंका विचारणाऱ्या पोराचीही तीच गत. यंत्रे आयात करता येतात, करारही करता येतात. हाताखालच्या माणसाने दोरी ओढली, तर त्याच्यावर न रागावता त्याचे ऐकून घेण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.