गिटारला तेल लावताय? जरा थांबा!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आपल्या होस्टेलमध्ये गिटारवाले वाढले तसे तेलाचे दोन पंथही तयार झाले. पहिला पंथ म्हणतो, 'लेमन ऑइल' असं छापलेली बाटलीच पाहिजे, बाकी सगळं बकवास. दुसरा म्हणतो, घरचं घाणीचं तेल असताना बाटलीला पैसे कशाला? शुद्ध आहे, लावा बिनधास्त!

माझं गाव बार्शीटाकळी. कपाशीचा मुलूख आपला, त्यामुळे दुसऱ्या पंथाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी. शाळा कॉन्व्हेंट असली तरी सरकी, जवस, करडी, ढेप हे शब्द मला डिक्शनरीत शोधावे लागत नाहीत. तरीही सांगते राजेहो, दोन्ही पंथांचं गणित चुकतंय. तेल घरचं की बाजारचं, स्वस्त की महाग, हा मुद्दाच नाही. लावल्यानंतर महिन्याभराने त्या तेलाचं काय होतं, हा खरा मुद्दा आहे. आणि एका तेलाच्या बाबतीत तर प्रश्न एकट्या गिटारचा नाही, अख्ख्या होस्टेलचा आहे.

आधी थोडं लाकडाबद्दल. फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवरची ती पट्टी, जिच्यावर आपण तारा दाबतो. सतारीला जसे पडदे, तसे इथे फ्रेट. गिटारच्या बाकी अंगावर पॉलिश असतं, पण शिसवी किंवा आबनुसाची पट्टी बहुधा उघडीच ठेवतात. घाम, मळ तिथे थेट लाकडावर बसतो. मेपलची पिवळसर, चकचकीत पट्टी असेल तर तिच्यावर लॅकर असतं. तिथे तेल आत जाणारच नाही, नुसतं पुसलं की काम झालं. काही स्वस्त गिटारींना साध्या लाकडाला काळा रंग देऊन पट्टी बनवतात. फडक्याला काळं लागायला लागलं तर समजा, तो मळच असेल असं नाही, रंगही असू शकतो. तिथे हात आवरा.

आता तेल. केमिस्ट्रीत आयोडीन व्हॅल्यू नावाची एक गोष्ट असते. तेलात दुहेरी बंध जितके जास्त, तितका हा आकडा मोठा, आणि तितकं ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जास्त खेळतं. खोबरेलाचा आकडा साधारण १० च्या आत. शेंगदाणा, तीळ, सरकी ही मंडळी ढोबळमानाने ९० ते १२० च्या दरम्यान. करडी १४० च्या आसपास. आणि जवस १७० च्या पुढे!

मधल्या गटातली तेलं म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची. ती पूर्ण वाळत नाहीत आणि तशीच ओलीही राहत नाहीत. हळूहळू चिकट होतात, खवट वास येतो, धूळ धरतात. किचनमधल्या जुन्या तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिकटा बसतो ना, तोच तुमच्या फ्रेटच्या कडेला बसणार. खोबरेल त्या मानाने टिकतं, पण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि आपल्याकडच्या थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल सगळ्यांनी पाहिलंय. कोणी म्हणेल, सतारवादक तर खोबरेल वापरतात! वापरतात, पण ते बोटाला, तारेवरून हात सरकावा म्हणून. लाकडाला पोसायला नाही. ज्या मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथलं लाकूडही पॉलिश करूनच बाहेर पडतं.

राहिलं जवस. हे खरोखर 'वाळणारं' तेल. हवेत ते घट्ट होऊन पातळ पापुद्रा बनतं, म्हणूनच ऑइल पेंटमध्ये आणि क्रिकेटच्या बॅटला ते चालतं. पण बॅटचं विलो लाकूड हलकं आणि सच्छिद्र. शिसव घट्ट विणीचं, त्यात मुळातच स्वतःचं तेल. वरून चोपडलेलं कच्चं जवस त्यात फारसं मुरत नाही, दिवसेंदिवस चिकचिकत राहतं. कसलेला कारागीर ते अगदी पातळ हाताने लावून चांगलं कामही करून घेतो, पण आपण कारागीर नाही.

खरा धोका मात्र गिटारवर नाही, फडक्यात आहे. जवस वाळतं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावतं, आणि त्यातून उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती हवेत निघून जाते. तेच फडकं चुरगळून पलंगाखाली टाकलं तर उष्णता आतच कोंडते, तापमान वाढतं, त्याने क्रिया आणखी जोरात होते, आणि काडी न लावता सुती कापड पेटू शकतं. ही दंतकथा नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीत आग लागली. लाकडी कामाची डागडुजी करणाऱ्यांनी ठेवलेली जवसाच्या तेलाची फडकी हे तिचं कारण होतं. तीन अग्निशमन जवान गेले. बावीसाव्या मजल्यावर सुरू झालेली आग अडली ती तिसाव्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर होते. आपल्या खोलीत काय आहे? कापसाची गादी, प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा ढीग, आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार.

मग लावायचं काय? जे तेल काहीच करत नाही ते! मिनरल ऑइल, म्हणजेच मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन. दुहेरी बंध जवळपास नाहीतच, त्यामुळे खवट होणं नाही, वाळणं नाही, चिकटणं नाही. आणि गंमत बघा, गिटारसाठीच्या अनेक 'लेमन ऑइल' बाटल्यांमध्येही मुख्य माल हाच असतो, लिंबाचा फक्त वास. खरं लिंबाच्या सालीचं तेल हे सॉल्व्हंट आहे, मळ काढतं आणि उडून जातं. बाटली घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण लेबलचे पैसे देतोय हे माहीत असून द्या.

पद्धतही साधी. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. तारा काढा, घट्ट पिळलेल्या जुन्या बनियनच्या कापडाने मळ पुसा, वाळू द्या. मग कापडावर चार-पाच थेंब घेऊन पातळ हात फिरवा. दहा मिनिटांनी कापड कोरडं निघेपर्यंत पुसून टाका. चमक दिसेपर्यंत तेल ओतणं म्हणजे प्रेम नव्हे.

आणि शेवटचा गैरसमज. उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली की सगळे तेलाकडे धावतात. टोचतं कारण लाकूड आक्रसलेलं असतं, आणि ते आक्रसतं पाणी गेल्यामुळे. तेल त्या पाण्याची जागा भरत नाही. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी ती त्याच्या निम्म्यावरही नसते, आणि रात्री कूलर लावला की एकदम चढते. ही रोजची ओढाताण लाकडाला नडते. म्हणून गिटार कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका, केसमध्ये ठेवा. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवली की भागतं. पावसाळ्यात मात्र ती काढायला विसरू नका.

रेक्टर सर आणि वॉर्डन मॅडमना एक विनंती. म्युझिक रूममध्ये एक हायग्रोमीटर आणि झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवावा. तेलाची फडकी पाण्यात बुडवून त्या डब्यात जातील. हाच डबा वर्कशॉपला आणि बॅटला तेल लावणाऱ्या क्रिकेट टीमलाही कामी येईल. खर्च किरकोळ आहे.

बाकी आपल्या जवसाचा मान कमी होत नाही. त्याची चटणी करा, भाकरीबरोबर खा. फ्रेटबोर्डवर त्याचं काम नाही, आणि पलंगाखाली तर मुळीच नाही.