मृदेच्या पत्रिकेतील न छापलेले रकाने

नांदेड-लातूरकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी, बहुधा सात-बाराच्या उताऱ्याशेजारीच, जमीन आरोग्य पत्रिका जपून ठेवलेली असते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू केली. तीत बारा गोष्टी तपासल्या जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. पिकास काय कमी पडते ते यावरून कळते. जमिनीत नको ते काय साठले, याचा मात्र रकानाच नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांपैकी एकाचेही नाव तीत आढळत नाही.

मराठवाड्यात धातूंच्या मोठ्या खाणी नाहीत. मग ही भीती कशास, असे कोणी विचारील. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात, त्यातच निसर्गतः कॅडमियम असते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांतील स्फुरदाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. आपल्याकडेही १९८५ चा खत नियंत्रण आदेश शहरी कंपोस्टात किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम व १०० मिलिग्रॅमहून अधिक शिसे चालू देत नाही. म्हणजे पोत्यास मर्यादा आहे. पोते जेथे रिकामे होते त्या मातीची मोजणी नाही. नदीकाठी शहराच्या सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालेभाज्यांची गोष्ट तर याहून निकडीची, कारण पालकासारखी भाजी कॅडमियम सहज उचलते.

आमची काळी जमीन या बाबतीत काहीशी उदार आहे. तिच्यातील चिकणमाती व चुनखडी हे धातू धरून ठेवतात आणि पिकात सहसा जाऊ देत नाहीत. परंतु जे धरले ते पावसाने धुऊन जात नाही. ते पुढच्या पिढीच्या खाती जमा होते. जपानात जिंझू नदीकाठच्या भातशेतीत खाणीचे कॅडमियम उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. सरकारने त्या रोगाचे कारण १९६८ मध्ये मान्य केले. तेथील शेतांची माती बदलण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले, ते २०१२ मध्ये संपले. येथे तसे घडले आहे असे आमचे म्हणणे नाही. मोजल्यावाचून घडलेले नाही असेही कोणास म्हणता येणार नाही, एवढेच.

शिवाय हे काम अवाढव्य नाही. ज्या प्रयोगशाळांत जस्त व तांबे मोजणारे अणुशोषण यंत्र आहे, तेथे त्याच यंत्रात निराळा दिवा बसवून शिसे व कॅडमियम मोजता येते. प्रत्येक शेताची तपासणी नको. सांडपाण्याखालील मळे, औद्योगिक वसाहतींच्या कडेची राने आणि वर्षानुवर्षे शहरी खत घेतलेल्या जमिनी एवढ्यांपासून आरंभ करावा. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे.

खरी अडचण निराळीच आहे. एखाद्या गावच्या मातीत विष निघाले, तर त्या गावच्या मालास बाजारात कोण उभे करील? दोष शेतकऱ्याचा नसताना भाव त्याचा पडेल. तो तोटा सरकारने सोसावयाचा की ज्यांनी घाण सोडली त्यांनी, हे तपासणीपूर्वीच ठरले पाहिजे. नाहीतर आपल्या बांधाची माती कोणीही आपण होऊन प्रयोगशाळेत नेणार नाही.