‘स्ट्रगल’ केला, पण राबवले कोणी?

मराठीच्या तोंडी परीक्षेत एक उत्तर हमखास ऐकायला मिळते. दलित आत्मकथनांवर प्रश्न विचारावा, की विद्यार्थी सांगतो, ‘यात लेखकाने आपला स्ट्रगल मांडला आहे.’ पुस्तक ‘बलुतं’ असो, ‘उपरा’ असो वा ‘अक्करमाशी’, उत्तर बदलत नाही. परीक्षक मान डोलावतो. मीही डोलावली आहे. ती चूक होती, असे आता वाटते. का, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आक्षेप शब्दाच्या इंग्रजीपणावर नाही. मी सोलापूरकर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात भाषाशुद्धीचा सोवळेपणा पाळायचा म्हटला, तर मंडईतून भाजीही आणता येणार नाही. आक्षेप आहे तो हा शब्द मराठीत अर्धाच आला, यावर.

मूळ इंग्रजीत या शब्दाला दोन अंगे आहेत. एकट्याची दीर्घ, दमवणारी धडपड हे एक आणि अनेकांनी मिळून कोणाविरुद्ध तरी दिलेला लढा हे दुसरे. दुसऱ्या अंगासाठी मराठीने आपले शब्द राखले. मे १९३० मध्ये सोलापुरात जे घडले आणि ज्यानंतर येथे लष्करी कायदा पुकारला गेला, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ज्यासाठी येरवड्यात फासावर गेले, त्याला आपण स्वातंत्र्यलढा म्हणतो, ‘स्ट्रगल’ म्हणत नाही. ‘स्ट्रगल’ मात्र सिनेसृष्टीच्या वाटेने आला, ‘स्ट्रगलर’ला सोबत घेऊन. म्हणून त्याच्या पोटात यश आधीच दडलेले असते. जो पोचला, किंवा पोचणारच असे ज्याला वाटते, त्याने मागच्या दिवसांना द्यायचे हे नाव आहे.

याचा पडताळा सोलापुरात पूर्व भागातल्या कोणत्याही गल्लीत घेता येईल. उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बाई विड्या वळत बसलेली असते. पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि तपासणीत नापास झालेल्या विड्यांची झळ तिलाच. तीस-तीस वर्षे हे चालते. तिच्या या कामाला ‘स्ट्रगल’ कोणी म्हणते का? तिचा मुलगा अधिकारी झाला, की सत्काराच्या भाषणात एकदम म्हटले जाते, ‘आईने खूप स्ट्रगल केला.’ शेजारीण तितक्याच विड्या वळते, पण तिच्या मुलाला नोकरी नाही. तिच्या वाट्याला हा शब्दही येत नाही. म्हणजे शब्द श्रम मोजत नाही, निकाल मोजतो.

मराठीपाशी श्रमासाठी शब्द आहेत आणि ते जास्त जाणते आहेत. माणूस राबतो, तसे त्याला ‘राबवून घेता’ही येते, क्रियापदाचे रूपच विचारते, कोणी? माणूस खपतो आणि मालही खपतो. देह कामात संपतो आणि वस्तू बाजारात विकली जाते, ही दोन्ही सत्ये एकाच धातूत बसली आहेत. ‘वेठ’ म्हटले की वेठीस धरणारा आलाच. आता ‘मला स्ट्रगल करावा लागला’ हे वाक्य पाहा. यात सक्ती आहे, सक्ती करणारा नाही. जणू पाऊस पडावा तसा स्ट्रगल पडला.

आत्मकथनांच्या वाचनात हीच पळवाट महागात पडते. शरणकुमार लिंबाळे याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले. ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. त्यात भूक आहे, पण त्याहून टोचणारा प्रश्न बापाच्या नावाचा आहे. ही भूक कोणी लादली आणि हा जन्म कोणाच्या सत्तेतून आला, असे ते पुस्तक विचारते. ‘स्ट्रगल’ म्हणताच हा आरोप विरतो. लेखक मोठा झाला, पुरस्कार मिळाले, सारे सार्थकी लागले! आरोपपत्राचे यशोगाथेत रूपांतर करायला एवढा एक शब्द पुरतो.

कोणी म्हणेल, ‘कष्ट’ शब्दाला दैवाचा, सोसण्याचा वास आहे. ‘स्ट्रगल’मध्ये निदान ताठ कणा आहे. विडीकामगाराच्या घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेला मुलगा आईसाठी तो शब्द वापरतो, तेव्हा त्याला तिचा मान राखायचा असतो. हे मला मान्य आहे. त्या मुलाला दुरुस्त करण्याचा मला अधिकार नाही. पण तो मान मिळतो त्याच्या निकालावर, तिच्या कामावर नव्हे, एवढे त्याला दाखवून देणे शिक्षकाचे काम आहे.

सोलापूरजवळ कुंभारीला विडीकामगार महिलांची वसाहत उभी राहिली. तिला नाव गोदूताई परुळेकरांचे आहे, वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिणाऱ्या बाईंचे. ती घरे एकेकटीच्या जिद्दीने मिळालेली नाहीत. बायका संघटित झाल्या, मोर्चे निघाले, मागण्या रेटल्या गेल्या. त्याला लढा म्हणतात.

तेव्हा पुढच्या तोंडी परीक्षेत कोणी ‘स्ट्रगल’ म्हणाले, तर मान डोलावणार नाही. एवढेच विचारेन, ‘कोणाशी?’